उस्तादांची ओव्हर

आमच्या यांना समदं लोणावळं उस्ताद म्हणायचं. मी सोडून. मला त्यांचं धोतर धुवायचं असायचं, चहात साखर किती ते बघायचं असायचं, आन् शेवटची तीन वर्षं तर ताटात चटणी कुठल्या अंगाला वाढलीय ते बी हळूच सांगायचं असायचं. उस्ताद म्हणायला बाकीचं जग होतं की.

लोक अजून येतात आन् म्हणतात, झुंबरबाई, विलायतेचं काहीतरी सांगा. विलायतेचं काय सांगू, मी काय बोटीत होते व्हय? मी त्या रविवारचं सांगते. ते कुणी इचारत न्हाई, आन् माझ्या उरावर तेच बसलंय.

हे मूळचे तळेगावाजवळच्या इंदुरीचे. चार भावांतले तिसरे. बाकीचे तिघं शेतात राबायचे, आन् ह्यांना नांगर दिसला की पोटात दुखायचं. चौदाव्या वर्षी पळाले ते पुण्यात, कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांच्या मैदानावर. साहेब लोकांना सरावाला चेंडू टाकायचे, लांब गेलेला पळत जाऊन आणायचा, हे काम. साहेब दमून सावलीला बसले की हे त्यांची बॅट उचलायचे आन् दुसऱ्या पोराला म्हणायचे, टाक. असं चार वर्षं चाललं. एक दिस एका साहेबानं पाणी पिता पिता बघितलं आन् पेला तसाच हातात राहिला म्हणतात. खरं खोटं देव जाणे, हे सांगायचे तसं मी सांगते. मंग पुण्याचा संघ, मंग मुंबईचे मोठे सामने, आन् पैल्या लढाईच्या आदी हिंदुस्थानचा संघ बोटीनं विलायतेला निघाला, तवा त्यात आमचा इंदुरीचा कुणब्याचा पोरगा. पेपरात नाव छापलं होतं, महिपती म्हणून. मी ते नाव घेत न्हाई, पेपरात होतं म्हणून सांगितलं.

तितं एका गावी रात्रभर पाऊस पडून मैदानाचा पार चिखल झाला होता. आपले बाकीचे गडी आले तसे गेले, आन् हे एकटे उभे राहिले. ब्याऐंशी धावा केल्या. गोऱ्यांच्या पेपरात आलं, ओल्या मैदानावर असा खेळणारा हिंदुस्थानात दुसरा न्हाई. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झालीय की माझ्या पोरीला शंभरापातूर आकडे यायच्या आदी ब्याऐंशी येत होते.

परत आले तवा तळेगाव स्टेशनापासून हलगी लावून मिरवणूक काढली गावानं. आन् वेशीत आल्यावर त्याच लोकांनी अडवलं, समुद्र ओलांडलाय, आदी इंद्रायणीत डुबकी मारा, मंग घरात. मारली बिचाऱ्यांनी, कोट-पाटलोणीसकट. मी तेरा वर्षांची होते. दारात भाकरतुकडा घेऊन उभी, आन् विलायतेचा नवरा म्होरं आला तो निथळत.

नंतरचं सांगायला लय वेळ लागत न्हाई. लढाई लागली, बोटी बंद झाल्या, आन् पुन्हा संघ निघेस्तवर ह्यांचं वय निघून गेलं. एका संस्थानिकानं राजपुत्राला शिकवायला ठेवून घेतलं. नऊ वर्षं शिकवलं. राजपुत्राला बंदूक आवडायला लागली, तवा चांदीचा पेला देऊन ह्यांना निरोप दिला. मंग लोणावळ्याच्या जिमखान्यानं बोलावलं. मैदानामागं दोन खोल्या, वर पत्रा, आन् सकाळ-संध्याकाळ बंगलेवाल्यांची पोरं, रेल्वेतले कारकून, कुणी बी येईल त्याला शिकवायचं. एवढ्या मोठ्या माणसाच्या वाट्याला हे काम आलं म्हणून मला वाईट वाटायचं. ह्यांना न्हाई वाटायचं. मैदान असलं की झालं. पोरीचं लग्न परंदवडीला करून दिलं, आन् आमी दोघं तितं सुखानं होतो. खरंच सुखानं होतो, उगं कशाला खोटं बोलू.

मंग डोळे गेले. एकदम न्हाई, चोरपावलांनी. आदी पेपर वाचायचं सोडलं. म्हणाले, त्यात काय असतंय. मंग एकदा तांब्याकडं हात नेला तो तांब्याच्या शेजारी. मी चुलीपुढनं बघत होते. असं तीन-चारदा झालं तवा मीच भांडून पुण्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा डोळ्याच्या मागचा पडदा झिजलाय, ह्याला औषध न्हाई. मधोमध डाग पडला होता. ज्याच्याकडं नीट बघावं तेच नाहीसं व्हायचं, आन् कडेकडेचं दिसायचं. म्हणून चालता यायचं, माणूस येतोय एवढं कळायचं, आन् कुणाला संशय येत नव्हता. परतीच्या गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "झुंबर, हे कुणाला बोलायचं न्हाई. पोरीला बी न्हाई."

मी म्हटलं, बरं.

तीन वर्षं आमी दोघांनी मिळून ते झाकलं. म्होरनं कोण येतंय ते मी खोकून सांगायचे. बाप्या असला तर एकदा, बाई असली तर दोनदा. आन् शिकवायचं म्हणाल, तर हे सरावाच्या जाळ्यामागं खुर्ची टाकून बसायचे डोळे मिटून. पोरानं बॅट मारली की म्हणायचे, "उशीर झाला तुला. टोकाला लागला." पोरं एकमेकांकडं बघायची, उस्ताद न बघता सांगतात. कीर्ती उलट वाढली. मला हसावं का रडावं कळायचं न्हाई.

मंग जिमखान्याला नवा सेक्रेटरी आला. मुंबईचा बॅरिस्टर, हितं त्याचा बंगला. बक्षिसाच्या कार्यक्रमात त्यानं ह्यांच्याम्होरं हात केला, आन् हे सरळ त्या हाताकडं बघत उभे. बघत होते म्हणूनच दिसला न्हाई. मी बायकांत लांब बसलेली, खोकून काय उपयोग? तो हात तसाच राहिला, मंग त्यानं खिशात घातला. चार दिसांनी आमच्या दारात आला.

चहा घेतला, नीट बसला, आन् म्हणाला, "उस्ताद, मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्हांला दिसत नाही असं लोक म्हणतात."

"लोक काय बी म्हणतात," हे बोलले.

"मलाही तसंच वाटतं. म्हणून एक सुचवतो. पुढच्या रविवारी पुण्याचा संघ येतोय. सामन्याआधी तुम्ही त्यांची एक ओव्हर खेळा. सहा चेंडू. आऊट न होता खेळलात, की पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही, मी उघडू देणार नाही. हातपाय चालतील तोवर हे मैदान तुमचं."

"आन् आऊट झालो तर?"

"मग नवा माणूस बघावा लागेल. त्याला या खोल्या लागतील."

वाईट माणूस नव्हता तो. त्याचं बी बरोबरच होतं, आपल्या पोराला आंधळा मास्तर कोण देईल? पण त्या घडीला मला वाटलं, ह्याच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं असतं तर बरं झालं असतं.

हे लगेच हो म्हणाले. माझ्याकडं तोंड बी वळवलं न्हाई. सेक्रेटरी फाटकाबाहेर गेला आन् माझा तोल गेला. म्हटलं, "तुमाला येड लागलंय का? ताटातली भाकर दिसंना आन् चेंडू खेळाय निघालेत. डोकं फुटून घ्यायचंय का?"

"न्हाई म्हटलं असतं तर आजच आवराआवर करायला लागली असती. हो म्हटलं, तर आठ दिस तरी हातात आहेत."

"करू आवराआवर. इंदुरीला जाऊ. भाऊ काय हाकलून देणार हायेत?"

"भाऊ न्हाई हाकलणार," ते म्हणाले. "ओट्यावर बसवतील. दोन वेळा भाकरी देतील. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतील, हा आमचा विलायतेचा. आन् मी तितं बसून बसून मरीन. मैदानाबाहेर मला काय येतंय, झुंबर? तूच सांग की, काय येतंय?"

खरंच काय येत नव्हतं. धड चूल पेटवता येत नव्हती त्या माणसाला.

मैदानावर सराव करायची सोय नव्हती, बघणारे होते. आमच्या खोलीमागं भिंतीच्या आडोशाला मुरूम चोपून घट्ट केलेली जागा होती, तितं मी चेंडू टाकायचा आन् ह्यांनी खेळायचा असं ठरलं. बेचाळीस वर्षांची बाई मी, नातवंडं झालेली, आन् पदर खोचून नवऱ्याला चेंडू टाकतेय. कुणी बघितलं असतं तर म्हणाले असते, दोघांचं बी डोकं फिरलंय. पैल्या दिसाला मी आपला जपून, हळू टाकला. चुकला. पुन्हा हळू टाकला. पुन्हा चुकला, बॅट एकीकडं आन् चेंडू एकीकडं. पाच-सहा असे गेल्यावर चिडले.

"हळू टाकू नको. जमिनीवर आपट. जोरात आपट."

"तोंडावर बसंल."

"बसू दे. आपट म्हणतोय ना."

आपटला. तर बरोबर बॅटवर. पुन्हा आपटला, पुन्हा बॅटवर. दहातले आठ लागायला लागले. मला वाटलं, माणसाचा जुना माज हाय, हळू चेंडू टाकला की अपमान वाटतोय ह्यांना. एवढंच वाटलं. बाई रोज समोर उभी राहून बघतेय आन् तिच्या टाळक्यात उजेड पडत न्हाई, म्हणजे आंधळं नक्की कोण होतं ते तुमीच सांगा.

शुक्रवारी तर एक बी सुटला न्हाई. हे हसले. किती दिसांनी हसले. मी त्या संध्याकाळी गव्हाची खीर केली, आन् दोघांनी पोटभर खाल्ली.

शनिवारी नसीर आला. नसीर म्हणजे मैदानाचा माळी, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, मला वहिनी म्हणायचा. ह्यांच्यावर लय जीव. हे जाळ्यात होते आन् मी भांडी घासत होते. तो म्हणाला, "वहिनी, पुण्याचा तो उंच बोलर येतोय उद्या. गेल्या महिन्यात त्यानं एकाचे म्होरचे दोन दात पाडले. उस्तादांना तोच टाकणार म्हणत्यात."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. दोन दात पडले ते डोळे असलेल्या माणसाचे. ह्यांना तर चेंडू दिसायचा बी न्हाई, टाळायचा कसा? नोकरीचं जाऊ द्या, माणूस तरी राहील का मला?

आता मॅटचं सांगायला पायजे. आमच्याकडं गवतावर खेळायचे न्हाईत. लाल मुरमाची पट्टी असायची. आदल्या संध्याकाळी तिच्यावर पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, आन् सकाळी वाळली की वर काथ्याची मॅट ताणून चारी बाजूंनी खिळे ठोकायचे. ह्यांचा नसीरला कडक हुकूम होता, सामन्याच्या सकाळी पाण्याचा थेंब नको, मॅट ढोलकीवानी वाजली पायजे. पाणी जास्त झालं तर चेंडू मेल्यावानी येतो, हळू आन् खाली, हे लोणावळ्यातल्या शेंबड्या पोराला बी ठावं होतं. मला बी ठावं होतं. आन् ब्याऐंशीची गोष्ट तर मला झोपेत बी म्हणता आली असती.

रविवारी उजाडता उजाडता, हे आंघोळीला बसले तवा मी मैदानावर गेले. नसीर मॅटची गुंडाळी खांद्यावर घेऊन निघालाच होता.

"नसीरभाऊ, वाईच थांब. आज पट्टीवर पाणी मार. चांगलं मुरूस्तवर."

तो माझ्याकडं बघत राहिला. "वहिनी, उस्तादांना चालायचं न्हाई. सकाळी थेंब नको म्हणत्यात ते."

"ते म्हणतात त्यांच्या तोऱ्यात. तुला त्यांचे दात पडलेले बघायचेत का?"

"तसं न्हाई, पण..."

"पण काय? त्या मेल्याचा चेंडू हळू येईल, ह्यांना खेळायला वेळ मिळंल. आन् ओल्यावर तर हेच राजे. तुला काय मी सांगायला पायजे? कुणी इचारलं तर माझं नाव सांग."

नसीरनं मॅट खाली ठेवली. त्याला बी पटलं असंल, का माझं तोंड बघून दया आली असंल, देव जाणे. त्यानं सहा डबे मारले. मला कमी वाटलं म्हणून मी सोता चार ओतले. पाणी मुरमात शिरताना मला लय हलकं वाटलं. घरी जाऊन मी देवापुढं दिवा लावला, एवढी मी शहाणी.

दहाला मैदान भरलं. बंगलेवाले खुर्च्यांवर, रेल्वेची माणसं कडेनं उभी, बाजारातले दुकानदार बी गल्ला सोडून आलेले. उस्ताद खेळणार म्हणून ताकव्याहून चालत आलेली माणसं होती. मी बायकांत न्हाई बसले. पट्टीवर फिरवायच्या रुळाजवळ नसीरच्या मागं जाऊन उभी राहिले.

हे निघाले. पांढरी पाटलोण, पॅड, डोक्यावर विलायतेची टोपी. चाल अशी, की कुणी म्हणावं पंचविशीचा गडी हाय. टाळ्या झाल्या. मला रडू आलं, आन् आनंदानं आलं. स्टम्पांपाशी पोचले, बॅट खाली टेकवली, आन् सवयीनं मॅटवर दोनदा ठोकली.

तवा त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा ठोकली. जरा म्होरं जाऊन ठोकली. वाकून हातानं चाचपली. उभे राहिले तवा तोंडाचा रंग गेला होता. अंपायरला म्हणाले, "मॅट ओली हाय."

सेक्रेटरी कडेलाच उभा होता. हसून म्हणाला, "अहो उस्ताद, ओलं तर तुमचंच. विलायतेतसुद्धा."

लोक हसले, टाळ्या वाजवल्या. हे काय कारण सांगणार? मॅट वाळेस्तवर थांबा म्हटलं असतं तर ह्यांचा बहाणा झाला असता. ते बॅट टेकवून उभे राहिले. मी नसीरला म्हटलं, "असं काय करतायत हे?" नसीर म्हणाला, "काय की." पण त्याचा बी आवाज उतरला होता.

पैला चेंडू. तो उंच बोलर पळत आला, हात फिरला, चेंडू ओल्या मॅटवर पडला आन् काय बी आवाज झाला न्हाई. नुसतं भिजल्या गोधडीवर काहीतरी पडावं तसं. हे हलले बी न्हाईत. चेंडू स्टम्पांच्या बाहेरनं गेला. लोकांना वाटलं, बघून सोडला. "वा उस्ताद," कुणीतरी म्हणालं. मी बघत होते. सोडला न्हाई, त्यांना तो आलेला कळलाच नव्हता.

दुसरा. ह्या खेपेला ह्यांनी अंदाजानं बॅट आणली, लवकर. चेंडू मागाहून येऊन पॅडवर बसला. पुण्याचे समदे गडी आऊट म्हणून ओरडले. अंपायर नुसता उभा राहिला, मंग मान हलवली, न्हाई म्हणून. हे पॅडकडं हात नेऊन उभे. अजून चार. देवा, चार चेंडू म्हणजे काय लय न्हाईत, निभव.

तिसऱ्याला त्या बोलरनं वाट बदलली. त्याला बी कळलं असंल की ह्या मॅटवर जोर लावून उपयोग न्हाई. का म्हातारा माणूस समोर म्हणून सौम्य झाला असंल. चार पावलं टाकून त्यानं हळूच उंच टाकला. असा चेंडू पोरगं बी खेळंल. तो पडला, मेला, आन् सरपटत सरपटत निघाला. माझ्या डोळ्यांदेखत बॅटच्या शेजारनं गेला, स्टम्पाच्या बुडाशी टेकला, आन् वर ठेवलेल्या दोन लाकडी बेलींतली एक घसरून मॅटवर पडली.

बोलरनं हात वर केला आन् ओरडायला तोंड उघडलं. ओरडला न्हाई. कारण हे अजून उभे होते. बॅट उचललेली, गुडघे वाकवलेले, मान वाईच एका अंगाला कललेली. चेंडूची वाट बघत.

विकेटकीपर हात खाली सोडून उभा. सेक्रेटरीनं टोपी काढली. एवढं मैदान भरलेलं आन् माणूस शिंकलं न्हाई. आन् हे तसेच. किती वेळ ते मला सांगता यायचं न्हाई. मंग ह्यांनी बॅट एकदा टेकवली, पुन्हा उचलली, आन् त्या बोलरला मोठ्यानं म्हणाले, "टाक की रे बाबा. किती वेळ लावतोस?"

मी आत गेले. बाईमाणूस त्या मैदानात खेळ चालू असताना कवा गेलं नव्हतं, मी गेले. नसीर "वहिनी, वहिनी" करत राहिला.

ह्यांनी माझी पावलं ओळखली. मान न वळवता हळू आवाजात म्हणाले, "तू कशाला आलीस? जा मागं. अजून चार राहिलेत."

"न्हाई राहिले," मी म्हटलं. "चला घरी."

"टाकला?"

"व्हय."

"कवा?"

"मघाशीच. आऊट झालात तुमी."

त्यांनी हात मागं नेला आन् स्टम्पांवरनं बोटं फिरवली. एक बेल हाताला लागली. दुसऱ्या जागी बोटं पुन्हा पुन्हा फिरवली, तितं काय नव्हतं. मंग हात खाली आला.

"कसा आला?" त्यांनी इचारलं.

"लय जोरात. कुणाला दिसला बी न्हाई."

"झुंबर, ओल्या मॅटवर चेंडू जोरात येत न्हाई."

त्यांनी बॅटच्या टोकानं मॅट पुन्हा एकदा ठोकली.

"पाणी कुणी मारलं? नसीर असं करायचा न्हाई."

खोटं बोलता आलं असतं. नसीर तर माझ्यासाठी शिव्या खायला तयारच होता. पण माझ्या तोंडातनं खरं निघालं. "मी मारलं. त्याच्याकडनं मारून घेतलं, आन् चार डबे सोता ओतले. मला वाटलं, चेंडू हळू येईल, म्हणजे तुमाला वाईच तरी दिसंल."

"दिसंल," ते म्हणाले. "अगं, वरीस झालं मला चेंडू दिसत न्हाई. जवळचा न्हाई, लांबचा न्हाई. बोलरचा हात कडेनं दिसतो तेवढा. बाकी टप्प्याचा आवाज ऐकून खेळतो मी."

आवाज. म्हणून आपट म्हणत होते. म्हणून मॅट वाजली पायजे. तितं उभ्या उभ्या मला समदं कळलं, आन् कळून काय उपयोग नव्हता. मी काय करावं? पाया पडावं का? मला राग आला. असा राग मला जन्मात आला नव्हता. त्यांचा आला, माझा आला, त्या पाण्याचा आला.

"मंग सांगायचं न्हाई?" मी म्हटलं. लोक ऐकतायत का ते बघितलं न्हाई. "जगाला न्हाई सांगितलं, ठीक. आठ दिस मी चेंडू टाकत होते तुमाला. तीन वर्षं खोकून खोकून माझा घसा फाटला. मला सांगायला काय तोंड शिवलं होतं तुमचं?"

"लाज वाटली," ते म्हणाले. "विलायतेला खेळलेला माणूस. बायकोला काय सांगू, कानानं खेळतोय म्हणून?"

बोलरनं ती पडलेली बेल उचलली आन् हातात धरून तसाच उभा राहिला, पोरगाच होता तो, त्याचे डोळे भरले होते. कडेनं कुणीतरी टाळी वाजवली, मंग दोन-चार जणांनी वाजवली, आन् मंग ती बी थांबली. टाळ्या वाजवायच्या का न्हाई ते लोकांना कळत नव्हतं.

लग्नाला तीस वर्षं झाली होती. रस्त्यानं चालताना हे कायम दहा पावलं म्होरं. डोळे गेल्यावर बी म्होरंच, मी मागनं खोकत. एकदा बाजारात ठेच लागून पडता पडता मी दंड धरला, तर झटकून टाकला होता, चारचौघांत बायकोचा हात नको म्हणून. त्या दिशी त्यांनी बॅट काखेत घेतली आन् दुसऱ्या हातानं हवेत माझा खांदा शोधला. पैल्यांदा सापडला न्हाई, मी जवळ सरकले. मंग हात टेकला. दोन-तीनशे माणसं बघत होती, सेक्रेटरी बघत होता, ज्यांना शिकवलं ती पोरं बघत होती.

"चल," म्हणाले. "पाय कुटं टाकायचा ते सांगत जा."

मी सांगत गेले. मॅटची कड आली सांगितलं, खिळा आहे सांगितलं, दोरी आली सांगितलं. खोलीच्या उंबऱ्यापातूर मी सांगत गेले, आन् त्यांनी एकदा बी हात काढला न्हाई.